कवळीचा इतिहास आणि कोलकात्यातला एक रस्ता



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण हसतील. विषय आहे कवळी. आपल्याकडे नाटकात म्हाताऱ्याची कवळी पडली की थिएटर खदाखदा हसतं. दात नसलेल्या तोंडाला आपण बोळकं म्हणतो आणि तेही लाडानं, थट्टेनं. "दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत" ही म्हण तर घराघरात ऐकू येते. पण ज्याचे दात गेलेत, जो स्वतः ब्रश धरू शकत नाही आणि जो कुठल्या तरी वृद्धाश्रमातल्या खाटेवर पडून आहे, त्याच्यासाठी तोंडाची स्वच्छता हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. ही अतिशयोक्ती नाही. ते कसं, हे पुढे आकड्यांसकट सांगतो.

त्याआधी तुम्हाला कोलकात्याला घेऊन जातो. कारण भारतातल्या दंतवैद्यकाचा आणि वृद्धाश्रमाचाही इतिहास सांगायचा, तर त्या शहरातल्या एका रस्त्यावरून चालावंच लागतं. त्या रस्त्याचं आजचं नाव आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. जुनं नाव लोअर सर्क्युलर रोड. आणि त्याच्याही मागे गेलात तर तिथे आपलीच गाठ पडते. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालात शिरले. बंगाली माणसाच्या आठवणीतले ते 'बर्गी'. घाबरलेल्या इंग्रजांनी आणि शहरवासीयांनी नबाबाची परवानगी काढून कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. तो मराठा खंदक. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला. पुढे त्यात शहराचा कचरा साठू लागला, तो बुजवण्यात आला आणि 1799 च्या सुमारास त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड आकाराला आला. मराठ्यांच्या भीतीनं आखलेली रेघ पुढे शहराची वर्दळीची वाट झाली.

या रस्त्याच्या एका टोकाला, 2 नंबरच्या पत्त्यावर, एक वृद्धाश्रम आहे. 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या ख्रिस्ती जोगिणींच्या संघानं 1882 मध्ये कलकत्त्यात तो सुरू केला. भारतातल्या सर्वांत जुन्या वृद्धाश्रमांपैकी हा एक. या संघाची सुरुवात फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात झाली. जान जुगाँ नावाच्या एका मोलकरणीनं 1839 मध्ये एका आंधळ्या, लुळ्या पडलेल्या म्हातारीला आपल्या घरी आणलं आणि स्वतःची खाट तिला दिली. पुढे या बाईंनी टोपली घेऊन दारोदार भिक्षा मागितली आणि म्हाताऱ्यांना सांभाळलं. आपल्याकडच्या माधुकरीशी हे नातं सांगणारं आहे. 2009 मध्ये जान जुगाँना संतपद मिळालं. एका माणसानं दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचं अंग पुसायचं, त्याला भरवायचं, हे काम संस्थेनं करायचं असतं, ही कल्पना कलकत्त्यात या मार्गानं आली. आपल्या पुण्यातही 1860 च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ पंगू गृह उभं राहिलं. आज आपण त्याला 'निवारा' म्हणतो. म्हणजे या बाबतीत आपणही मागे नव्हतो.

आता त्याच रस्त्यानं शियालदहच्या दिशेनं चला. 114 नंबरला डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय आणि रुग्णालय लागतं. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

रफिउद्दीन अहमद यांचा जन्म 24 डिसेंबर 1890 चा, पूर्व बंगालातला. अलीगढला शिकून ते अमेरिकेला गेले. 1915 मध्ये आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली. त्यानंतर बोस्टनमधल्या फोर्साइथ डेंटल इन्फर्मरीत, म्हणजे मुलांच्या दातांच्या धर्मादाय दवाखान्यात, काम केलं. 1919 मध्ये ते परत आले. त्या काळी आपल्याकडे दातांचं शिक्षण देणारं कॉलेज नव्हतं. अहमदांनी 1920 मध्ये ते सुरू केलं. पैसे कुठून आणले? त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं शीतपेयांचं दुकान काढलं आणि त्या कमाईवर कॉलेज चालवलं. गोड सोडा दात किडवतो आणि त्याच सोड्याच्या पैशावर दातांचे डॉक्टर घडले. इतिहास कधी कधी असा मिश्कील असतो.

आपल्या मुंबईशीही या कॉलेजचा धागा जुळतो. बॅरिस्टर जिनांची बहीण फातिमा जिना इथे शिकल्या आणि 1923 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. राजकारणातल्या फातिमा जिना आपल्याला माहीत असतात, पण दातांच्या डॉक्टर फातिमा जिना फारशा कुणाला आठवत नाहीत. अहमद मात्र कॉलेजपाशी थांबले नाहीत. 1925 मध्ये त्यांनी दंतवैद्यकाचं नियतकालिक सुरू केलं आणि दोन दशकं ते संपादित केलं. 1928 मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. 1939 चा बंगाल डेंटिस्ट्स अॅक्ट होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1949 मध्ये त्यांनी आपलं कॉलेज पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं. पुढे बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं आणि 1965 च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांचा जन्मदिवस आज राष्ट्रीय दंतचिकित्सक दिन म्हणून पाळला जातो.

पण मंडळी, अहमदांच्या आधी कलकत्त्याचे दात कोण बघत होतं? इथे एक फार वेगळा समाज भेटतो. कलकत्त्यात आलेल्या चिनी लोकांमध्ये गावांप्रमाणे धंदे वाटलेले होते. हक्का चिनी कातडं कमवायचे आणि बूट करायचे, कँटनकडचे सुतारकाम करायचे आणि हुबे प्रांतातून आलेले दात बसवायचे. पदवी नाही, कॉलेज नाही. बापाकडून मुलाकडे आलेलं कसब. दात काढणं, ठसा घेणं, कवळी घडवणं. 1948 च्या डेंटिस्ट्स अॅक्टनं अशा लोकांची दखल घेतली. पदवीधरांची नोंद 'अ' भागात आणि पदवी नसलेल्या, पण ठरावीक वर्षं हे काम करून पोट भरणाऱ्यांची 'ब' भागात. कायद्यानं त्यांचं दुकान एका रात्रीत बंद केलं नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं.

आता प्रश्न असा की हे काम परक्यांकडे का गेलं? माझं मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्या. आपल्या समाजात तोंडाला फार मोठा विटाळ आहे. मराठीत उष्टं, बंगालीत 'एँटो'. दुसऱ्याच्या तोंडातून निघालेली वस्तू हाताळणं म्हणजे कमीपणा. अगदी आपल्याच वडिलांची कवळी धुवायची म्हटली तरी हात मागे येतो. जिथे हा विटाळ आड येत नव्हता, तिथल्या माणसांनी हा धंदा उचलला. ही उष्ट्याची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता खुद्द कवळीकडे वळू. खोटे दात आपल्याला नवीन नाहीत. 1194 मध्ये चंदावरच्या लढाईत कनौजचा राजा जयचंद पडला. रणांगणात त्याचं प्रेत ओळखलं गेलं ते त्याच्या कृत्रिम दातांवरून, अशी कथा जुन्या बखरकारांपासून चालत आली आहे आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतही ती सापडते. जपानमध्ये सोळाव्या शतकातल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडात कोरलेली अख्खी कवळी आजही जपून ठेवलेली आहे. युरोपात हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, इतकंच काय, मेलेल्या माणसांचे दातसुद्धा वापरले. 1815 च्या वॉटर्लूच्या रणांगणावर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून विकले गेले आणि पुढे अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' हेच नाव पडलं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी 1789 मध्ये शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता.

हे सगळं श्रीमंतांचं. गरिबाला आणि मध्यमवर्गीयाला कवळी मिळाली ती रबरामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गुडइयर बंधूंनी रबर गंधकाबरोबर तापवून कडक करण्याची रीत शोधली. त्या कडक रबराला व्हल्कनाइट म्हणतात. ठशावर ते बसवता येऊ लागलं आणि कवळी एकदम स्वस्त झाली. मात्र रंग विटकरी आणि दिसायला ओबडधोबड. 1930 च्या दशकाअखेरीस अॅक्रिलिक नावाचं प्लास्टिक आलं, हिरडीच्या रंगाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानं रबराला हटवलं. आज तुमच्या घरात जी गुलाबी कवळी आहे, ती याच अॅक्रिलिकची.

म्हणजे दोन इतिहास झाले. एक म्हाताऱ्यांना आसरा देण्याचा, दुसरा त्यांना दात देण्याचा. दोन्ही एकाच रस्त्यावरचे. पण या दोहोंच्या मधलं एक काम कुणीच आपलं मानलं नाही. दिलेले दात रोज धुवायचे कुणी? दंतवैद्य कवळी बसवतो आणि त्याचं काम संपतं. वृद्धाश्रम जेवण देतो, औषध देतो, अंघोळ घालतो. तोंड मात्र राहून जातं.

आमच्या आजीचं उदाहरण देतो. ती रोज रात्री कवळी काढून स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवायची आणि त्या वाटीला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. हात चालत होते तोवर तिनं ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पुढे बोटं आखडली आणि वाटी कोरडी राहू लागली. आम्ही तिच्या गोळ्या मोजत होतो, वाटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हे बहुतेक घरांत असंच होतं.

याचं काय होतं, ते बघा. कवळीखाली अन्नाचे कण साठतात, त्यावर बुरशी धरते, टाळू लाल होऊन चुरचुरते. म्हातारा जेवत नाही, सगळे म्हणतात "आता वय झालं, भूक गेली". भूक गेलेली नसते, तोंड आलेलं असतं. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, म्हणून पाच-सात वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी आज सैल होते, घासते, जखम करते. रक्तदाबाच्या, झोपेच्या, मनाच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते आणि लाळ हीच तोंडाची मोलकरीण. ती गेली की घाण साचते. वरच्या कवळीनं टाळू झाकला जातो, त्यामुळे तोंडातला काटा समजत नाही. कोलकात्यात तर हे फार महत्त्वाचं, कारण तिथल्या म्हाताऱ्याला इलिश लागतोच आणि इलिशमध्ये बारीक काटे किती, हे खाणाऱ्यालाच विचारा. त्यात पान, जर्दा, गुल आणि गुडाखू. आपल्याकडे मिश्री. तंबाखूनं घासलेल्या तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर ती लवकर दिसली पाहिजे. आणि रोज तोंड उघडून बघणारं कुणी असेल तरच ती दिसते.

सर्वांत मोठा धोका मात्र तोंडात नाही, छातीत आहे. झोपेत म्हाताऱ्या माणसाची लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते. तोंड घाण असेल तर त्या लाळेबरोबर जंतू फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. जपानी संशोधक योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 नर्सिंग होममधल्या वृद्धांवर दोन वर्षं अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं तोंड सेवकांनी रोज जेवणानंतर स्वच्छ केलं, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चालू ठेवलं. नेहमीसारख्या गटात 19 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला. ज्यांचं तोंड स्वच्छ ठेवलं, त्यांच्यात 11 टक्के. न्यूमोनियानं होणारे मृत्यूही कमी झाले. आणि हा फायदा ज्यांच्या तोंडात एकही दात नव्हता त्यांनाही झाला. दात नाहीत म्हणजे घासायचं काम नाही, हा समज इथे मोडून पडतो. 2015 मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात 85 वर्षांवरच्या 524 लोकांकडे पाहिलं. रात्री कवळी घालूनच झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला.

लक्षात घ्या, यात महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. ब्रश आहे, पाणी आहे आणि ते करणारा एक माणूस आहे. जपाननं 1989 पासूनच '8020' नावाची मोहीम चालवली. 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात, इतकं साधं ध्येय.

आणि आपण? आपल्याकडे ही समज मुळात नव्हती असं नाही. चरक-सुश्रुतांनी दिनचर्येत दातवण सांगितलं, जीभ खरवडायला धातूची पट्टी सांगितली, तेलाच्या गुळण्या सांगितल्या. बंगालात निंबाची काडी, आपल्याकडे बाभळीची. पुढे राखुंडी आली, माकडछाप काळी पावडर आली. पण हे सगळं ज्याचे हात चालतात त्याच्यासाठी. ज्याचे हात थकले त्याचं तोंड कुणी स्वच्छ करायचं, याला परंपरेत ठरलेलं उत्तर होतं ते म्हणजे घरातली सून. आता सून नोकरीला, मुलगा परदेशी आणि म्हातारा आश्रमात. कोलकात्यात तर हे चित्र फार ठळक आहे. तरुण पिढी बंगळूरला, पुण्याला, अमेरिकेला आणि मोठ्या जुन्या घरांत दोन म्हातारी माणसं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी कोलकाता पोलिसांना 2009 मध्ये 'प्रणाम' नावाची योजना काढावी लागली. पुण्या-नाशकात, नागपुरात काही वेगळं आहे का? तुम्हीच सांगा.

2007 मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. त्यात जिल्ह्यागणिक किमान 150 निराधार वृद्धांना सामावेल असा वृद्धाश्रम असावा, असं म्हटलं आहे. रुग्णालयात वेगळी रांग, जमेल तितक्या खाटा, दीर्घ आजारांवर उपचार, हेही आहे. दातांचा, तोंडाचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून वृद्धाश्रम निवडताना आपण खोली बघतो, जेवण बघतो, डॉक्टर किती वेळा येतो ते विचारतो. "रात्री कवळ्या कोण काढतं आणि कुठे ठेवतं?" हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारा. त्या एका उत्तरावरून त्या आश्रमाची खरी परीक्षा होते.

उत्तर काय असायला हवं, तेही सांगतो. रात्री कवळी काढायची. पाण्यानं भरलेल्या तसराळ्यावर किंवा ओल्या फडक्यावर धरून धुवायची, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण वापरायचा. दातांच्या पेस्टनं ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत बुरशी बसते. उकळतं पाणी वापरायचं नाही, कवळी वाकडी होते. रात्रभर साध्या पाण्यात ठेवायची, झाकणाच्या डबीत, डबीवर नाव. हिरड्या, टाळू, जीभ ओल्या मऊ फडक्यानं पुसायची. माणूस झोपूनच असेल तर त्याला उठवून बसवायचं किंवा कुशीवर वळवायचं, पाठीवर असताना तोंडात पाणी घालायचं नाही. विस्मरणाच्या रुग्णानं तोंड मिटून घेतलं तर जबरदस्ती नको. समोर बसा, त्याच्या हातात ब्रश द्या, स्वतः घासायची नक्कल करा, नाहीच जमलं तर अर्ध्या तासानं पुन्हा या.

आणि कवळीवरच नाव घालून घ्या. कवळी करतानाच तंत्रज्ञ अॅक्रिलिकमध्ये नावाची पट्टी बसवू शकतो. आश्रमात कवळ्या हरवतात, बदलतात, ताटाबरोबर किंवा चादरीबरोबर निघून जातात. 1849 मध्ये बोस्टनमध्ये पार्कमन नावाच्या एका धनिकाचा खून झाला. त्याच्या दंतवैद्यानं जळालेली कवळी ओळखली आणि खटल्याचा निकाल फिरला. मेलेल्या माणसाची ओळख कवळीनं पटते, तर जिवंत माणसाची कवळी त्याचीच आहे, एवढी खात्री आपण नक्की करू शकतो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आश्रमात, दवाखान्यात जी बाई हे काम करते, तिला आपण महाराष्ट्रात मावशी म्हणतो. बंगालात तिला 'माशी' म्हणतात, म्हणजे मावशीच. दोन्ही भाषांनी तिला आईची बहीण केलं, पण पगार आणि शिक्षण देताना ते नातं विसरलं जातं. दुसऱ्याचं उष्टं तोंड धुण्याचं काम आपण तिच्यावर सोपवतो आणि ते कसं करायचं, हे तिला कुणी शिकवत नाही. अनेक शहरांजवळ आता दंत महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक सकाळ जवळच्या वृद्धाश्रमात घालवली, तोंडं तपासली आणि या मावशींना अर्धा तास शिकवलं, तर खर्च नगण्य आणि फायदा जिवाचा. अहमदांनी सोडा विकून कॉलेज उभं केलं, जान जुगाँनी स्वतःची खाट दिली. त्यांच्या मानानं आपल्याकडे मागणं फारच लहान आहे.

तुमच्या घरात कवळी वापरणारं कुणी असेल, तर आज रात्री त्यांच्या वाटीत पाणी आहे का, तेवढं बघा.